गंगापूरच्या पाण्यातले कोरी

घरी मासे वाढवून विकायचे म्हटलं की लोक आधी विचारतात, "कोणत्या माशाला भाव आहे?" माझ्याकडे चौकशीला येणारे निम्मे लोक याच प्रश्नाने सुरुवात करतात. मी उलट विचारते, नळाला पाणी कुठलं येतं, आणि ज्या खोलीत टाक्या ठेवणार ती जानेवारीत किती गार आणि मे महिन्यात किती तापते? ते गोंधळतात. पण माझा सगळा धंदा या दोन उत्तरांवर उभा आहे. मासा आपण निवडतो असं वाटतं. खरं म्हणजे आपलं पाणी आणि आपली हवा त्याला आधीच निवडून बसलेली असते.

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाऊसमध्ये पुढची खोली माझ्या क्लासची होती. आठवी ते दहावी, गणित. पुढे मुलं मोठ्या क्लासेसकडे वळली, उरलेली मोबाइलवर शिकू लागली आणि बाकं भिंतीला लावून ठेवावी लागली. मुलाची दोन फुटी टाकी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती. तो शिकायला पुण्याला गेला आणि टाकी माझ्याकडे आली. एका डिसेंबरात सकाळचं गार पाणी टाकीत बदललं, आणि दुसऱ्या दिवशी काचेवर मोहरीएवढी पांढरट अंडी चिकटलेली दिसली. कोरी कॅटफिशची. मिशांनी वाळू उकरत तळाशी फिरणारे हे बोटभर मासे मी तोवर नीट पाहिलेही नव्हते.

धंदा करायचं ठरल्यावर सगळ्यांनी मोठी नावं सुचवली. डिस्कस लावा, एकेक नग हजारात जातो. नक्षीदार प्लेको लावा, मुंबईचे शौकीन मागतील ती किंमत देतात. हे खरंच आहे. पण डिस्कसला अठ्ठावीस-तीस अंशांचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी बारमाही लागतं. शंभर वॅटचा हीटर दिवसाकाठी बारा तास चालला तर जवळपास सव्वा युनिट गेलं, आणि ते एका टाकीचं. अशा दहा टाक्यांचं बिल भरून हातात काय राहतं, हे गणित शिकवणाऱ्या बाईला कोणी समजावून सांगायला नको.

आमच्याकडे नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर ते दीडशेच्या आत राहतं, पावसाळ्यात आणखी खाली उतरतं. शेजारच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी त्याच मीटरवर सहाशेच्या पुढे गेलं. काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं पाणी, जड असणारच. दुसरी गोष्ट थंडी. निफाडकडे पारा पाचच्या आसपास उतरला की द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. शहरात इतकं होत नाही, पण माझ्या खोलीतल्या टाक्या अठरा-एकोणीस अंशांवर येतात. या गारठ्यात बहुतेक रंगीत मासे आजारी पडतात. पेपर्ड कोरीला मात्र तेव्हाच उत्साह येतो. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या प्लाता नदीच्या खोऱ्यातला, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे या बाजूचा, आणि तिकडे हिवाळा म्हणजे खरोखरचा हिवाळा. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या माशांमध्ये तो होता, आणि 1842 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. अलीकडे, 2024 मध्ये, शास्त्रज्ञांनी कोरीडोरस या मोठ्या गटाची फोड करून त्याला दुसऱ्या गटात टाकलं. रविवार कारंजावरच्या माशांच्या दुकानांत त्याने काही फरक पडलेला नाही, तिथे तो कोरीच आहे.

तर थंडीसाठी पेपर्ड, आणि पावसाळ्यासाठी ब्राँझ कोरी व त्याचाच अल्बिनो प्रकार, जो थोडी जास्त उष्णता सोसतो. दोन्ही स्वस्त मासे. पण हीटर एकही नाही.

सुरुवातीला साधारण चाळीस हजार रुपये लागले. लोखंडी अँगलचे दोन रॅक, त्यावर दोन फुटी टाक्या, वाढत्या पिल्लांसाठी खाली तीन फुटी दोन. तीन बाय दीड बाय दीडच्या टाकीत एकशे ऐंशी लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच एकशे ऐंशी किलो वजन. खोली तळमजल्यावर आहे म्हणून हे जमलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी बांधकामातल्या माणसाला विचारावं. प्रत्येक टाकीखाली थर्माकोलचा पत्रा हवाच, कारण अँगल कुठे ना कुठे वाकडा असतोच आणि काच तिथेच तडकते.

प्रत्येक टाकीला वेगळा पंप घेतला नाही. एकच मोठा एअर पंप घेतला, पीव्हीसी पाइप भिंतीवरून फिरवला आणि त्याला छोटे व्हॉल्व बसवून सगळे स्पंज फिल्टर त्यावर चालवले. पस्तीस वॅटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला पंचवीसच युनिट. सोबत बॅटरीवर चालणारा एक लहान पंप. वीज गेली की तो चालू करायचा आणि पिल्लांच्या टाक्यांना जोडायचा. मोठे कोरी तसे तगतात. ते वर येऊन हवेचा घोट गिळतात आणि आतड्यातून प्राणवायू घेतात. ही सवय नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगावी लागते, नाहीतर रात्री दहाला फोन येतो, "मॅडम, मासा सारखा वर जातोय, मरतोय का?"

वाळूने मात्र बराच वेळ खाल्ला. कोरीच्या मिशा म्हणजे त्याचे हात आणि जीभ दोन्ही. धारदार किंवा घाणेरड्या तळावर त्या झिजतात, कुजतात, आणि मग मासा खाणं शोधू शकत नाही. हल्ली बांधकामावर सगळीकडे क्रश सँड असते, म्हणजे दगड फोडून केलेली. ती बोटांत चोळली तरी टोचते. मला नदीची गोल कण्यांची जुनी वाळू हवी होती. एका ओळखीच्या मिस्त्रीकडे घर दुरुस्तीतून उरलेली दोन पोती होती, ती उचलली. रव्याच्या चाळणीने चाळली आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतली. थोडी बशीत घेऊन वर लिंबू पिळून पाहिलं. फेस आला असता तर तिच्यात चुना आहे असं समजून टाकून दिली असती, कारण चुन्याने पाणी जड होत जातं. फेस आला नाही.

मग टाक्या भरून नुसत्या चालू ठेवल्या. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानात सांगतात, "आज टाकी घ्या, उद्या मासे सोडा." गिऱ्हाइकाचे मासे आठवड्यात मेले तर तो परत मासे घ्यायला येतो, मग का नाही सांगणार? मी मुलाच्या टाकीतला जुना स्पंज नव्या टाक्यांत पिळला, त्यामुळे काम लवकर झालं, तरी टेस्ट किटवर नायट्राइट शून्य दिसेपर्यंत एकही मासा आत गेला नाही.

याच सुमारास गल्लीत कुणकुण सुरू झाली. समोरच्या काकूंनी सरळच विचारलं, "अगं, तो बंदीवाला मांगूर करतेस का घरात?" कॅटफिश हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून ऐकला होता आणि टीव्हीवर आफ्रिकन मांगूरची तळी उद्ध्वस्त करतानाच्या बातम्या पाहिल्या होत्या. मांगूर खाण्याचा, हातभर वाढणारा आणि दुसरे मासे फस्त करणारा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे ती बरोबरच आहे. मी काकूंना आत बोलावून दोन इंची कोरी दाखवले. "एवढासा?" म्हणाल्या आणि थोड्या निराशच झाल्या.

सरकारी योजनेची चौकशी मी केली होती, ती इथे सांगते, कारण सगळेच विचारतात. मी विचारलं तेव्हा प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाच्या एका प्रकल्पाचा खर्च तीन लाख रुपये धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते. बाई म्हणून मला साठ टक्के बसलं असतं, पण तीन लाखांच्या टाक्या क्लासच्या खोलीत मावत नाहीत. ज्यांच्याकडे मागे पत्र्याची शेड टाकण्याइतकी जागा आहे त्यांनी जरूर पाहावं.

जातिवंत जोड्यांसाठी क्रॉफर्ड मार्केटला गेले. तिथले बरेच कोरी चेन्नईतल्या कोलातूरहून येतात. तिकडे घरोघरी हाच उद्योग आहे. लहान पिल्लंच घेतली, मिशा शाबूत आणि पोट भरलेलं आहे हे एकेक पाहून. नर-मादी वरून बघून ओळखायचे, मादी रुंद आणि गोल दिसते. वयात यायला त्यांना वर्षभर तरी द्यावं लागतं. एका मादीमागे दोन नर असा हिशेब ठेवला.

अंडी घालायला लावणं सोपं आहे, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. आठवडाभर चांगलं खाऊ घाला, मग निम्मं पाणी काढून तीन-चार अंश गार पाणी भरा. त्यांना वाटतं पाऊस आला. आणि खरा पाऊस असेल तर तेवढंही लागत नाही. मृगाच्या सरींआधी हवेचा दाब उतरतो तेव्हा ब्राँझ आपोआप काचेवर धावाधाव सुरू करतात. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते आणि दोघांचा इंग्रजी टी तयार होतो. ब्राँझ कोरीची मादी नराचं वीर्य गिळते आणि ते तिच्या आतड्यातून झटकन पुढे जाऊन पोटाखालच्या परांत धरलेल्या अंड्यांवर पडतं. जपानी संशोधकांनी 1995 मध्ये हे दाखवून दिलं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या खो खो हसल्या. जीवशास्त्र मी कधी शिकवलंच नव्हतं.

अंडी घातली की आईबापच ती खायला येतात. म्हणून काही तासांत, कवच जरा घट्ट झालं की, ती बोटाने लोळवत काचेवरून सोडवायची आणि वेगळ्या डब्यात ठेवायची. डब्यात बुडबुडे सोडणारा एअरस्टोन, आणि बुरशी लागू नये म्हणून सुकलेलं बदामाचं पान. हा आपला रस्त्याकडेचा देशी बदाम; नाशिकमध्ये पानं हवी तितकी, गाडीच्या धुरापासून लांबची वेचायची. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरने काढायची, तपकिरी होत जाणारी जिवंत. तीन ते पाच दिवसांत पिल्लं फुटतात, थंडीत जरा उशिरा.

इथवर हौस असते. धंदा इथून पुढे सुरू होतो आणि बहुतेक जण इथेच सोडतात.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लं पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगतात. नंतर त्यांना जिवंत आणि डोळ्याला जेमतेम दिसेल इतकं बारीक खाणं हवं, दिवसातून तीन-चार वेळा. मी दोन गोष्टी करते. एक, मायक्रोवर्म: प्लास्टिकच्या डब्यात दुधाशिवाय शिजवलेले ओट्स किंवा भिजवलेला पाव, वर चिमूटभर यीस्ट आणि जुन्या डब्यातलं चमचाभर विरजण. काही दिवसांत डब्याच्या भिंतींवर बारीक कृमी चढू लागतात, ते बोटाने निपटून टाकीत झटकायच्या. डब्याला आंबूस वास येतो. तो फ्रिजशेजारी ठेवण्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. दुसरी, आर्टेमिया: मिठाच्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीची सुकी अंडी डब्यातून मिळतात. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम खडेमीठ, खालून हवेचे बुडबुडे, पाणी अठ्ठावीस अंश, आणि चोवीस तासांत केशरी ढग तयार. थंडीत ते पाणी कोमट ठेवायला मी बाटली साध्या बल्बशेजारी ठेवते. डबा महाग येतो, पण आर्टेमियावर वाढलेली पिल्लं दुप्पट वेगाने भरतात असा माझा अनुभव आहे. दुकानातले लाल ट्यूबीफेक्स कृमी मात्र माझ्या घरात येत नाहीत. ते गटारातून येतात आणि सोबत काय काय आणतात कोणी पाहिलंय?

पिल्लं मरतात ती उपाशी कमी आणि घाणीने जास्त. जे खाणं उरतं ते तळाशी कुजतं आणि पिल्लंही तळाशीच पडलेली असतात, पोट त्याच घाणीवर टेकवून. बरेच जण साफ करायला सोपं म्हणून तळ उघडा ठेवतात. मी वाळूचा अगदी पातळ थर देते आणि दोन-चार रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडते, त्या उरलंसुरलं संपवतात. आणि रोज, म्हणजे खरोखर रोज, एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी आदल्या दिवशी ड्रमात भरून हवा सोडलेलं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा क्लोरीन मारणारे हायपोचे खडेही टाकते. लग्नकार्याला गावाला जायचं तर घरातल्या एकाला मागे राहावं लागतं. आमच्याकडे हे आता सगळ्यांना पाठ आहे. पत्रिका आली की कोण जाणार यावर आधी बोलणं होतं.

अडीच-तीन महिन्यांनी पिल्लू इंचभर होतं आणि दुकानदार हात लावतो. त्याआधी नाही. शंभर अंड्यांतून चाळीस-पन्नास इथवर पोचली तर मी तो घाणा चांगला समजते.

दुकानदार पंचवीस-तीस रुपयांना घेतात आणि साठ-सत्तरला विकतात. ऐकायला वाईट वाटतं, पण भाडं त्यांचं, मरतूक त्यांची. एका दुकानदाराशी माझं पक्कं जमलं आहे. तो म्हणतो, "ताई, तुमचे मासे इथे आल्यावर मरत नाहीत, एवढंच मला पुरे." ते मरत नाहीत कारण गंगापूरच्या पाण्यातून गंगापूरच्याच पाण्यात जातात. बाहेरून दोन दिवस पिशवीत प्रवास करून आलेल्या माशाला हे कसं जमणार? भावात मी चेन्नईशी कधीच बरोबरी करू शकत नाही, या एका गोष्टीत करते.

एकदा त्यानेच रंगीत कोरी मागितले. अल्बिनो माशाला सुईने गुलाबी, निळा रंग टोचलेले असतात, पोरांना आवडतात. मी म्हटलं, "दादा, तो मी करणार नाही आणि तुम्ही दुसरीकडून घेतलात तर माझे त्याच टाकीत ठेवू नका." त्याने ऐकलं, निदान मी जाते तेव्हा तरी तसे दिसत नाहीत.

घरी येणारी गिऱ्हाइकं वेगळीच. जुन्या विद्यार्थ्यांचे आईवडील जास्त. "एक द्या, काच साफ करायला," ही नेहमीची मागणी. कोरी काच साफ करत नाही, दुसऱ्याची विष्ठा खात नाही, आणि एकटा राहत नाही. सहापेक्षा कमी मी देत नाही. त्यांना हवा असतो तो सकर. तो लहानपणी गोंडस असतो आणि फूट-दीड फुटाचा झाला की लोक गुपचूप नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा त्यांच्या जाळ्यांचं काय होतं. आणखी एक मंडळी वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न पाळणारी. त्यांना मी हात जोडते. फ्लॉवरहॉर्न कोरी गिळायला जातो, कोरी परांचे काटे ताठ करून अडकवतो, आणि दोघेही जातात.

हेच काटे पिशवीही फोडतात. म्हणून पिशवी दुहेरी, खालचे कोपरे रबराने बांधलेले. आदल्या दिवशी उपास. घाबरलेला कोरी अंगातून विष सोडतो आणि बंद पिशवीत त्यानेच मरतो. त्यामुळे पकडल्यावर आधी बादलीत अर्धा तास, मग ताज्या पाण्याच्या पिशवीत. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन.

मे महिन्यात मी दुकान बंद ठेवते. टाक्या बत्तीस अंशांना पोचतात, पेपर्ड धापा टाकतात. पाण्यावर टेबलफॅन लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, त्यावर फक्त जगवायचं. अंडी नाहीत, विक्री नाही. क्लासलाही मे महिन्यात सुट्टीच असायची. बाकीच्या चांगल्या महिन्यांत वीज आणि आर्टेमिया वजा जाता पाच-सहा हजार सुटतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याहून कमी, कारण तेव्हा विकायला येणारं पिल्लू आदल्या हंगामाचं असतं. यावर घर चालत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून मासे घेऊ नका, सल्लाही घेऊ नका.

तरी दर आठवड्याला कोणीतरी शिकायला येतंच. त्यांना मी पेपर्डची सहा पिल्लं विकत देते आणि मायक्रोवर्मचं विरजण फुकट. डबा आणि पाव त्यांनी आणायचा, आणि घरी फ्रिजशेजारी ठेवायचा नाही.